वाचकांचे प्रश्न : उभयचरांच्या सूचीत कोणाला जागा द्यावी?

प्रादेशिक सूचीतील प्रत्येक नावामागे पुरावा असला पाहिजे आणि तो कोणत्या दर्जाचा आहे हे सूचीतच दिसले पाहिजे, असे मागील अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न थोडे आटोपशीर करून येथे घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या निसर्गमंडळाने परिसरातील उभयचरांची सूची करायला घेतली आहे. एका रोपवाटिकेत गेली तीन वर्षे एक लहानसा बेडूक दिसतो, जो आमच्या भागातल्या कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नाही. मंडळात त्यावरून दोन तट पडले आहेत. जे दिसते ते सूचीत यावे, असे एका गटाचे म्हणणे आहे. सूची येथल्या मूळच्या प्राण्यांची असते, कुंडीतून आलेल्या पाहुण्यांची नसते, असे दुसरा गट म्हणतो. आपण कोणाच्या बाजूचे?

उत्तर : दोन्ही गट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, म्हणून वाद मिटत नाही. हा प्राणी या प्रदेशात माणसाच्या मदतीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशा स्थितीत आहे का, हा पहिला प्रश्न. तो येथे कसा आला, हा दुसरा. सूचीत जागा द्यायची की नाही हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरावे, आणि त्या नावासमोर ‘मूळचा’ लिहायचे की ‘आणलेला’ हे दुसऱ्याच्या उत्तरावरून. तो उपद्रवी आहे का, हा तिसरा प्रश्न या दोहोंपेक्षा निराळा आहे आणि त्याचे उत्तर हाती नसले तरी पहिल्या दोहोंचे काम अडत नाही. ‘परकीय’ आणि ‘आक्रमक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याची सवय सूचीकाराने सोडलेली बरी, कारण आणलेल्या जातींपैकी कित्येक जाती जेथे सोडल्या तेथेच, फारसे काही न बिघडवता, राहतात किंवा नाहीशा होतात.

केवळ मूळच्या जातींची सूची करायची असे ठरवले तर काय होते, हे हवाई बेटांकडे पाहिले म्हणजे कळते. तेथे मूळचा एकही उभयचर नाही. त्या नियमाने हवाईची सूची कोरा कागद ठरेल. प्रत्यक्षात मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोपांच्या कुंड्यांबरोबर प्वेर्तो रिकोतून पोचलेल्या कोकी नावाच्या बेडकाच्या हाकांनी तेथल्या कित्येक वस्त्यांतील लोकांची झोप उडवली आहे. अशा ठिकाणी अभ्यासकाला सूचीत कोकी सापडला नाही, तर ती सूची त्याच्या काय कामाची? उलट, दिसेल ते नोंदवायचे असे ठरवले, तर हौशी पाळणाऱ्याच्या काचपेटीतून निसटलेला आणि आठवड्याभरात मेलेला परदेशी बेडूकही प्रदेशाच्या प्राणिजीवनाचा भाग होऊन बसतो. जागतिक संवर्धन संघटनेच्या, म्हणजे आययूसीएनच्या, नकाशांत प्रत्येक जातीच्या प्रदेशाला ज्या खुणा असतात त्यांत अस्तित्वाची आणि उगमाची या दोन स्वतंत्र आहेत. उगमाच्या खुणेत मूळचा, पुन्हा सोडलेला, आणलेला, भटकत आलेला आणि अनिश्चित असे निरनिराळे पर्याय आहेत. मंडळाच्या सूचीलाही असे दोन रकाने करावेत, असे मी सुचवीन. दोन्ही गटांचे समाधान होईल की नाही हे सांगता येत नाही, पण दोघांची माहिती एकाच पानावर येईल.

आता आपल्या रोपवाटिकेतल्या बेडकाकडे वळू. तो तीन वर्षे दिसतो, एवढ्याने तो तेथे प्रस्थापित झाला असे म्हणता येत नाही. अनेक बेडूक आणि भेक, म्हणजे खडबडीत कातडीचे टोड, बरीच वर्षे जगतात. युरोपातला सामान्य भेक मोकळ्या निसर्गात दहा-बारा वर्षे सहज जगतो. त्यामुळे तीन वर्षे दिसणारे बेडूक हे एकाच खेपेला आलेले तेच बेडूक असू शकतात. शिवाय रोपवाटिकेत नवा माल सतत येत असतो आणि त्याबरोबर नवे बेडूकही येत राहतात. तेथली संख्या टिकून दिसते ती प्रजननामुळे की भरणीमुळे, हे आतून पाहून समजत नाही. म्हणून कुंपणाबाहेर पाहावे. शंभर-दोनशे पावलांवरच्या ओढ्याकाठी, पाचोळ्यात, शेजारच्या बागांत नरांच्या हाका ऐकू येतात का? अंडी, पिल्ले आणि प्रौढ अशा निरनिराळ्या वयाचे प्राणी सापडतात का? एकाहून अधिक वर्षांत पिल्ले सापडली आणि ती पिल्ले वाढून प्रजननाला आली असे मानण्यास आधार मिळाला, तरच ‘प्रस्थापित’ हा शब्द वापरावा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण या बाबतीत मीही एकदा फसलो होतो. प्रजननाचा पुरावा म्हणजे डबक्यातले बेडूकमासे, अशी आपली समजूत असते. रोपांच्या मातीतून जगभर पसरलेला, मूळचा क्यूबा आणि आसपासच्या बेटांवरचा ग्रीनहाउस फ्रॉग ओलसर मातीत किंवा पाचोळ्याखाली अंडी घालतो आणि त्या अंड्यांतून थेट इवलेसे बेडूक बाहेर पडतात. त्याच्या आयुष्यात बेडूकमासा ही अवस्था मोकळ्या पाण्यात कधी येतच नाही. वर ज्याचा उल्लेख केला तो कोकीही याच कुळातल्या रीतीचा. अशा जातीसाठी कोणी वर्षभर डबकी गाळत बसला आणि ‘बेडूकमासे आढळले नाहीत, सबब प्रजनन नाही’ असे लिहून मोकळा झाला, तर त्याची मेहनत खरी आणि निष्कर्ष खोटा ठरेल. आपला बेडूक याच गटातला आहे असे मी म्हणत नाही; परंतु जात निश्चित झाल्याशिवाय प्रजननाचा शोध कोठे घ्यायचा हेच ठरत नाही, म्हणून आधी छायाचित्रे, हाकेचे ध्वनिमुद्रण आणि शक्य व कायदेशीर असेल तर नमुना, ही तयारी करावी.

तोपर्यंत तो बेडूक मुख्य सूचीत न घेता ‘निरीक्षणाधीन’ अशा शीर्षकाच्या परिशिष्टात, दिनांक आणि ठिकाणासह, नोंदवावा. वगळू मात्र नये. अशी पहिली नोंद पुढे फार मोलाची ठरते.

प्रश्न : एखादा प्राणी शंभर वर्षे एखाद्या ठिकाणी राहिला, त्याच्या कित्येक पिढ्या तेथे झाल्या, तरी त्याला परका म्हणत राहणे हे मला, एक शिक्षिका म्हणून, मुलांना समजावून सांगता येत नाही. किती वर्षांनी परका आपला होतो?

उत्तर : सूचीच्या भाषेत, कधीच होत नाही. हे उत्तर कठोर वाटेल, पण येथे ‘परका’ हा शब्द प्राण्याच्या योग्यतेविषयी काही सांगत नसून तो आला कसा एवढेच सांगतो, आणि आगमनाची रीत वर्षांनी बदलत नाही. केन टोड हा मोठा विषारी भेक १९३५ साली हवाईतून क्वीन्सलँडमध्ये आणला गेला, तो उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करील या आशेने. भुंगेऱ्यांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. भेक मात्र उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरला, आणि त्याचे विष न पचवू शकणारे क्वोल (मांजराएवढे मांसाहारी शिशुधानी प्राणी) आणि घोरपडी यांच्यासारखे भक्षक त्याला खाऊन मोठ्या संख्येने मेले. त्याच वर्षी, म्हणजे १९३५ मध्येच, हंगेरीतून आणलेले १२ मार्श फ्रॉग आग्नेय इंग्लंडमधल्या एका बागेतील तळ्यात सोडले गेले, तेथून ते जवळच्या रॉमनी मार्श या पाणथळ प्रदेशात पोचले आणि स्थिरावले. वय दोघांचे सारखेच आहे. एकाने उत्पात केला, दुसऱ्याने त्या मानाने फार थोडा; पण आगमनाच्या रकान्यात दोघांसमोर एकच शब्द येतो.

मध्य युरोपातल्या सूचींत १४९२ हे वर्ष सीमारेषा म्हणून वापरण्याची रीत आहे; त्यानंतर माणसाबरोबर आलेल्या प्राण्यांना निराळे नाव देतात. ही रेषा सोयीची आहे, नैसर्गिक नाही, आणि जेथे समुद्रमार्गाने व्यापार त्याच्या किती तरी आधीपासून चालत आला आहे तेथे तिला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून वर्षांची रेषा आखण्यापेक्षा, ठाऊक असेल तेव्हा आगमनाचे वर्ष आणि मार्ग लिहावा, ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.

मुलांना सांगताना न्यूझीलंडचे उदाहरण घ्यावे. तेथे मूळचे बेडूक लायोपेल्मा या एकाच प्राचीन गटातले, आज तीन जातींचे आहेत. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून तेथे आणलेल्या बेडकांच्याही तीन जाती स्थिरावल्या आहेत. गंमत अशी की त्यांपैकी दोन, सोनेरी-हिरवा बेल फ्रॉग आणि त्याचा दक्षिणेकडचा भाऊबंद, मूळ घरी म्हणजे ऑस्ट्रेलियात आता संकटग्रस्त आहेत. म्हणजे एकच प्राणी एका सूचीत जपायचा वारसा आहे आणि दुसऱ्या सूचीत आणलेला पाहुणा, आणि दोन्ही नोंदी अचूक आहेत. परकेपणा हा प्राण्याचा गुण नसून प्राणी आणि ठिकाण यांच्यातले नाते आहे, हे मुलांना या एका उदाहरणावरून कळते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आगमनाचा साक्षीदार नसेल, कागदपत्र नसेल, तर एखादी जात मूळची की आणलेली हे ठरवायचे कसे? शंका असल्यास ‘आणलेली’ असे लिहिणे सुरक्षित नाही का?

उत्तर : ते सुरक्षित तर नाहीच, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील पूल फ्रॉग या हिरव्या पाणबेडकाचे आहे. त्याची हकीकत सविस्तर सांगतो, कारण सूचीतल्या एका शब्दाने काय होऊ शकते हे तीवरून समजते.

इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉर्फक परगण्यात, हिरव्या पाणबेडकांच्या काही वस्त्या एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होत्या. त्याच परगण्यात १८३७ पासून पुढे काही वर्षे एका जमीनदाराने युरोपच्या मुख्य भूमीवरून शेकडो हिरवे बेडूक आणून सोडल्याची नोंदही होती. या दोन गोष्टी एकमेकींना जोडणे फार सोपे होते. बेडूक येथे आहेत, बेडूक आणल्याचे कागदपत्र आहे, म्हणजे हे तेच बेडूक, असे मानले गेले आणि पूल फ्रॉग सूचीत आणलेल्या प्राण्यांत गेला. आणलेल्या प्राण्याच्या रक्षणासाठी कोणी हात हलवत नाही. वस्त्या एकेक करून संपत गेल्या आणि १९९० च्या दशकात नॉर्फकमधील थॉम्पसन कॉमन येथली शेवटची वस्तीही निसर्गातून नाहीशी झाली.

याच सुमारास शंका घेणारे अभ्यासक पुरावे गोळा करीत होते. पहिला धागा उत्तरेकडून आला. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये, मुख्य प्रदेशापासून तुटलेल्या पूल फ्रॉगच्या लहान वस्त्या आहेत, आणि त्या मूळच्याच आहेत हे हळूहळू मान्य होत गेले होते. मग इंग्लंडमधील जुन्या नमुन्यांची आनुवंशिक तुलना झाली, तेव्हा हे बेडूक फ्रान्स किंवा इटलीतल्या नव्हे तर या उत्तरेकडच्या बेडकांचे जवळचे नातलग निघाले. नरांच्या हाकांची तुलनाही त्याच दिशेने बोट दाखवीत होती. आणि तिसरा पुरावा जमिनीखालून आला: पूर्व इंग्लंडमधील पाणथळ प्रदेशातल्या सॅक्सन काळच्या थरांत, म्हणजे जमीनदारापेक्षा किती तरी शतके आधीच्या थरांत, पूल फ्रॉगची हाडे सापडली. जमीनदाराने बेडूक आणले हे खरे होते. पण त्याने आणलेले बेडूक आणि थॉम्पसन कॉमनचे बेडूक एक नव्हते. जात मूळची ठरली, तेव्हा ती उरली नव्हती. २००५ ते २००८ या वर्षांत स्वीडनमधून पूल फ्रॉग आणून नॉर्फकमध्ये पुन्हा सोडले गेले.

या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पुरावे तीन प्रकारचे होते आणि ते एकमेकांवर अवलंबून नव्हते. हाडे चुकीची ओळखली गेली असती तरी जनुके आपली साक्ष देत होती. केवळ जनुकांवर विसंबावे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण एखाद्या वस्तीत आनुवंशिक विविधता कमी दिसली तर ती मूठभर प्राणी आणून सोडल्यामुळे असू शकते, तशीच हिमयुगानंतर मूठभर प्राणी स्वतःहून तेथवर पोचल्यामुळेही असू शकते. दुसरी गोष्ट अशी की एक खरे कागदपत्र चुकीच्या निष्कर्षाचा आधार झाले. आयर्लंडमधील सामान्य बेडकाचेही काहीसे असेच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस डब्लिनमधील एका महाविद्यालयाच्या खंदकात बेडकांची अंडी सोडली गेली आणि त्यांतून आयर्लंडचे सगळे बेडूक झाले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने मात्र त्या बेटावर हिमयुगापासून टिकून राहिलेला एक स्वतंत्र वंश असल्याचा पुरावा पुढे आणला. कथेतली अंडी कदाचित सोडलीही गेली असतील. त्यामुळे आधीचे बेडूक नव्हते असे सिद्ध होत नाही.

उलट बाजूनेही पुरावे बोलतात. २०१४ साली मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ आशियाई भेक आढळला. त्या बेटावर भेकांच्या कुळातली एकही मूळची जात नाही, वस्ती एका बंदराभोवती एकवटलेली होती, आणि जनुके आग्नेय आशियाकडे बोट दाखवीत होती. तिन्ही धागे एकत्र आले की कागदपत्र नसले तरी ‘आणलेला’ असे लिहिताना हात अडखळू नये.

आणि धागे एकत्र येत नसतील तर? तर तसे लिहावे. सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स कार्ल्टन यांनी १९९६ साली एका लेखात ज्यांचा उगम ठरवता येत नाही अशा जातींसाठी स्वतंत्र वर्ग असावा असा आग्रह धरला. मराठीत त्यांना ‘अज्ञातमूल’ म्हणता येईल. हा वर्ग अपमानास्पद नाही. सूचीतली शंका झाकून दोहोंपैकी एक शब्द लिहिणारा सूचीकार पुढच्या अभ्यासकाला तो प्रश्न सुटलेला आहे असे खोटेच सांगत असतो, आणि पूल फ्रॉगचे जे झाले ते तशा खोट्या खात्रीमुळेच झाले.

प्रश्न : भाजीच्या पेटीत एक अनोळखी वृक्षबेडूक सापडला. तो सूचीत घ्यावा का? आणि नुसत्या पाण्याच्या नमुन्यात एखाद्या जातीचा डीएनए सापडला, तर?

उत्तर : पहिल्याचे उत्तर नाही असे आहे. एकटा प्राणी प्रस्थापित होत नाही. त्याला मोकळे सोडू मात्र नका, कारण १९९९ साली शास्त्रीय वर्णन झालेल्या ज्या कायट्रिड बुरशीने जगभरातील अनेक उभयचर जातींचा ऱ्हास घडवला, ती अशाच प्रवासी बेडकांच्या त्वचेवरून फिरते. संबंधित खात्याकडे तो द्यावा आणि नोंद स्वतंत्र फाईलमध्ये ठेवावी. अशा नोंदी दहा वर्षांच्या साचल्या की कोणत्या मार्गाने काय येते आहे हे दिसू लागते.

पाण्यातल्या डीएनएवरून जात ओळखण्याची पद्धत मोठ्या प्राण्यांसाठी पहिल्यांदा वापरली गेली ती बेडकासाठीच. २००८ साली फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉगचा शोध तिने घेतला गेला. शोध सुरू करण्यासाठी ती उत्तम आहे, पण डीएनए पक्ष्याच्या पायाने, जाळ्याने किंवा बुटानेही तळ्यात पोचू शकतो. त्यावरून ‘आहे का पाहा’ एवढे कळते. सूचीत नाव घालण्यासाठी प्राणी डोळ्यांनी दिसला पाहिजे किंवा त्याची हाक नोंदली गेली पाहिजे.

प्रश्न : संकरित प्राण्यांचे काय करावे? ते कोणत्याच जातीचे नसतात, मग त्यांना सूचीत जागा कोणत्या नावाने?

उत्तर : हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे आणि येथे माझे मत सर्वांना पटणार नाही.

जपानमधील महाकाय सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर) हा १९५२ पासून त्या देशात विशेष नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहे. चीनमधील त्याचा नातलग खाण्यासाठी म्हणून जपानात आणला गेला, काही प्राणी नद्यांत पोचले, आणि क्योतोतील कामो नदीत आज दोहोंच्या संकरातून झालेले सॅलॅमँडर मोठ्या प्रमाणावर सापडतात. त्यांतला मूळचा कोणता आणि संकरित कोणता हे डोळ्यांनी पाहून खात्रीने सांगणे कठीण असते. पेच एवढ्यावर थांबत नाही, कारण चिनी महाकाय सॅलॅमँडर स्वतःच्या देशात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहेत. कॅलिफोर्नियातही असेच झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास मासेमारीच्या आमिषासाठी टेक्साससारख्या दूरच्या भागांतून टायगर सॅलॅमँडरची पिल्ले आणली गेली, ती तळ्यांत सुटली आणि तेथल्या मूळच्या, आज संरक्षित असलेल्या जातीशी त्यांचा संकर झाला.

अशा ठिकाणी काही सूचीकार संकरित वस्तीला मूळ जातीच्या नावाखाली झाकतात, म्हणजे आकडा कमी होत नाही. मला ते मान्य नाही. मूळ जात शुद्ध रूपात जेथे तपासून आढळली तेवढीच ठिकाणे तिच्या नावावर लिहावीत, आणि संकरित वस्ती दोन्ही पालकजातींची नावे जोडून वेगळ्या ओळीत, ‘आणलेल्या जातीशी संकर’ असा शेरा देऊन नोंदवावी. या रीतीने कधी कधी एखाद्या प्रदेशातून मूळ जातीची नोंद जवळजवळ पुसली जाते, हे मला ठाऊक आहे. पण ती खरोखरच पुसली जात असेल तर सूचीत ते दिसायला हवे.

मात्र संकर म्हटला की तो माणसानेच केला असे समजू नये. युरोपातला खाद्य बेडूक हा पूल फ्रॉग आणि मार्श फ्रॉग यांच्या संकरातून निसर्गतः झालेला आहे. सामान्यतः तो अंडी-शुक्रजंतू तयार करताना दोहोंपैकी एका पालकाचा जनुकसंच टाकून देतो आणि त्या पालकजातीशी संबंध ठेवून पिढी पुढे नेतो. त्याला स्वतंत्र शास्त्रीय नाव आहे आणि सूचींत स्वतंत्र जागाही. त्याच्या नावासमोर ‘मूळचा’ लिहिता येते. म्हणजे संकरितपणा आणि परकेपणा हेही निराळे रकाने झाले.

प्रश्न : आमच्याकडे तीस वर्षांपूर्वीची एक सूची आहे. तिच्यातली काही नावे आता कोठेच सापडत नाहीत, काही जाती एकीच्या दोन झाल्या, आणि एक आणलेला बेडूक तर हल्ली दिसतच नाही. जुनी नावे खोडून टाकावीत का?

उत्तर : एकही नाव खोडू नका. नाव न सापडण्याची तीन निरनिराळी कारणे आपल्याच प्रश्नात आहेत आणि तिघांचा निकाल वेगवेगळा लागतो.

मूळची जात नाहीशी झाली असेल तर ती सूचीत ‘प्रदेशातून नष्ट’ म्हणून, शेवटच्या खात्रीच्या नोंदीच्या वर्षासह, राहते. नष्ट म्हणण्याची घाई मात्र करू नये. स्पेनच्या मायोर्का बेटावरील एका भेकसदृश बेडकाचे वर्णन १९७७ साली जीवाश्मांवरून झाले होते. थोड्याच वर्षांत तो डोंगरातल्या खोल घळींत जिवंत सापडला. पुढे त्याची बंदिवासात पैदास करून तो निसर्गात सोडला गेला, आणि त्यातूनच कायट्रिड बुरशीही काही घळींत पोचली. पुन्हा सोडलेल्या वस्तीसमोर सोडल्याचे वर्ष आणि प्राणी कोठून आणले ते लिहिण्याचा आग्रह मी धरतो, तो अशा प्रसंगांमुळे.

आणलेली जात नाहीशी झाली, तरी तिची ओळ राहावी. एके काळी गर्भधारणेच्या चाचणीसाठी दक्षिण आफ्रिकेतून जगभर पाठवला गेलेला नखवाला बेडूक वेल्समध्ये काही दशके टिकून होता, नंतर तेथून नाहीसा झाला. कॅलिफोर्निया, चिली आणि फ्रान्समध्ये तो आजही आहे. एखादी वस्ती दशकानुदशके टिकूनही संपू शकते, ही माहिती ओळ खोडली की हरवते.

नावांच्या फाटाफुटीचे काम मात्र कंटाळवाणे आणि किचकट आहे, आणि बहुतेक चुका तेथेच होतात. ज्याला आपण जुन्या सूचींत बुफो मरिनस म्हणून वाचतो, तो केन टोड आता ऱ्हायनेला या प्रजातीत गेला आहे. शिवाय २०१६ साली अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडची आणि मध्य अमेरिकेतली वस्ती ऱ्हायनेला हॉरिबिलिस म्हणून वेगळी काढली गेली. मग जुन्या नोंदीतला मरिनस आताचा कोणता, हे नाव बदलून ठरत नाही, ठिकाण पाहून ठरते, आणि आणलेल्या वस्तीच्या बाबतीत तर ती कोठून आणली होती हे पाहून. जुन्या सूचीतले नाव जसेच्या तसे ठेवून त्याच्या शेजारी आजचे नाव लिहावे, आणि सूचीच्या डोक्यावर कोणत्या नामावलीचे कोणत्या दिनांकाचे रूप वापरले ते नमूद करावे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची डॅरेल फ्रॉस्ट यांनी सांभाळलेली नामावली आणि अँफिबियावेब हे उभयचरांविषयीचे संकेतस्थळ या दोहोंत काही नावांविषयी मतभेद असतात; दोन्हींतून सोयीने वेचू नये, एकच धरावी. जुन्या नोंदीमागे नमुना नसेल आणि ठिकाणावरूनही जात ठरत नसेल, तर दोन्ही संभाव्य नावे लिहून मधे ‘किंवा’ घालावा. नमुना एखाद्या संग्रहालयात असेल, तर त्याचा क्रमांक शोधून त्या ओळीत लिहा, म्हणजे पुढे कोणालाही तो उघडून पाहता येईल.